बिगोडी: दलदल राखणारे गाव

पश्चिम युगांडात फोर्ट पोर्टलहून कामवेंगेकडे जाणारा रस्ता किबाले राष्ट्रीय उद्यानाच्या दाट जंगलातून जातो. जंगल सरले की बिगोडी हे गाव लागते. गावाला लागूनच मागोम्बे नावाची दलदल आहे. तिच्यात माणसाच्या डोक्यावरून जाणारे पपायरसचे लव्हाळे आहेत, मधूनमधून रानखजुरी आणि उंबराच्या कुळातली मोठी झाडे आहेत, आणि काठाने केळी, कॉफी, मका व भुईमुगाची शेते आहेत. सारी दलदल मिळून क्षेत्रफळ जेमतेम चार चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत माकडांच्या व वानरांच्या आठ जाती आणि पक्ष्यांच्या दोनशेच्या आसपास जाती आढळतात. १९९२पासून गावातल्याच लोकांची एक संस्था पर्यटकांना ही दलदल पायी फिरवून दाखवते. त्यातून मिळणारा पैसा गावाच्या कामाला लागतो.

या पद्धतीला सामुदायिक पर्यटन म्हणतात. तिचे महत्त्व कळायचे तर नेहमीच्या सफारीत पर्यटकाचा पैसा कुठे जातो ते पाहावे लागते. विमानाचे भाडे विमान कंपनीकडे जाते. सहलीची रक्कम परदेशातल्या किंवा राजधानीतल्या आयोजकाकडे, मुक्कामाची लॉजच्या मालकाकडे आणि प्रवेशशुल्क सरकारकडे. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या हाती फार तर एखादी नोकरी येते, आणि वाटेतल्या बहुतेक गावांत तर गाडी थांबतही नाही. सामुदायिक पर्यटनात दाखवायची जागा, दाखवणारी माणसे, दर ठरवण्याचा अधिकार आणि जमाखर्चाची वही हे सारे गावाकडे असते.

जबाबदार पर्यटन ही याहून व्यापक कल्पना. ऑगस्ट २००२मध्ये केपटाउन येथे भरलेल्या परिषदेने तिचा जाहीरनामा काढला. कोणतीही जागा आधी तिथे राहणाऱ्यांसाठी चांगली व्हावी आणि मग पाहुण्यांसाठी, हा त्याचा गाभा. या दोन कल्पना एकत्र नांदतातच असे नाही. सौर दिवे आणि पावसाचे पाणी वापरणारा लॉज पूर्णपणे परक्या मालकीचा असू शकतो. उलट, गावाच्या नावाने चाललेल्या व्यवसायाचा पैसा चार घरांतच फिरत राहू शकतो. बिगोडीचे उदाहरण अभ्यासण्याजोगे ठरते, कारण तिथे दोन्ही गोष्टी साधण्याचा प्रयत्न दीर्घकाळ चालला आहे आणि त्यातल्या अडचणीही उघड दिसतात.

किबालेचे जंगल ब्रिटिश अमदानीतच राखीव झाले होते. १९७०पासून तिथे माकडांवर शास्त्रीय संशोधन सुरू झाले आणि तांबड्या कोलोबस माकडांचे जगातले एक मोठे वसतिस्थान म्हणून किबालेचे नाव झाले. आजूबाजूच्या गावांत तोरो राज्याचे मूळ रहिवासी बातोरो आहेत. नैर्ऋत्येकडच्या किगेझी भागात जमीन अपुरी पडू लागली तेव्हा तिथून आलेले बाकिगाही आहेत. १९९२मध्ये सरकारने किबालेच्या दक्षिणेकडील वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गात वसलेल्या हजारो लोकांना बाहेर काढले आणि पुढच्याच वर्षी जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. संरक्षणाचा हा मार्ग लोकांना फार जड गेला. त्याच १९९२ साली, त्याच जंगलाच्या कडेला, बिगोडीतल्या काही जणांनी किबाले असोसिएशन फॉर रूरल अँड एन्व्हायर्नमेंटल डेव्हलपमेंट ही संस्था काढली. तिचे आद्याक्षरी नाव काफ्रेड. अमेरिकेच्या पीस कोअरचा एक स्वयंसेवक मदतीला होता. सभासद आणि कारभारी गावचेच.

शेतकऱ्याच्या दृष्टीने तेव्हा दलदल ही पडीक जमीन होती. चर खणून पाणी काढले, पपायरस जाळला की काळी कसदार जमीन हाती येते, आणि युगांडात अशा कितीतरी दलदली याच रीतीने नाहीशा झाल्या. १९९५च्या राज्यघटनेने पाणथळ जागा सरकारकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सोपवल्या. पण खेड्यातल्या प्रत्येक काठावर पहारा ठेवणे कोणत्याही सरकारला जमणारे नाही. चर खणायचा की नाही हे शेवटी काठावरचा शेतकरी ठरवतो. त्याला दलदल बुजवण्यापेक्षा राखणे परवडले पाहिजे, आणि बिगोडीच्या पर्यटनाची खरी कसोटी हीच आहे.

दलदलीची फेरी साडेचार किलोमीटरच्या आसपास, दोन-तीन तासांची असते. सुरुवातीला पाहुण्यांना गमबूट मिळतात, कारण पुढे वाट कधी शेताच्या बांधावरून, कधी चिखलातून, तर कधी पाण्यावर टाकलेल्या लाकडी फळ्यांवरून जाते. गाइड गावातलाच असतो. पाहण्याआधी तो ऐकतो. पपायरसमधला पक्षी बहुधा आवाजावरूनच ओळखावा लागतो. उंबरावर हालचाल दिसली की तो सर्वांना थांबवतो. तांबडे कोलोबस कोवळी पाने ओरबाडत असतात आणि फांदीवरून फांदीवर उडी घेताना त्यांच्या वजनाने झाडाचा शेंडा झुकतो. पाऊण मीटर लांबीचा ग्रेट ब्लू तुराको हा या फेरीचा मानकरी. निळसर अंग, डोक्यावर काळा तुरा, पिवळी-लाल चोच असा हा पक्षी उडण्यापेक्षा फांद्यांवरून पळण्यात अधिक तरबेज आहे. चांगला गाइड जनावरे दाखवून थांबत नाही. कोणत्या झाडाची साल कशासाठी वापरतात, पपायरस कापल्यावर किती जोमाने पुन्हा फुटतो, माकडे मक्याच्या शेतात कोणत्या वेळी उतरतात, हेही तो सांगतो. हे ज्ञान बाहेरून आणलेल्या गाइडकडे नसते.

फेरीचे शुल्क संस्थेकडे भरायचे. गाइडांचा मोबदला आणि वाटांची देखभाल वजा जाता उरलेली रक्कम गावासाठी. या पैशातून उभे राहिलेले सर्वांत मोठे काम म्हणजे गावची माध्यमिक शाळा. हा निर्णय शहाणपणाचा होता. तीच रक्कम रोख वाटली असती तर घरटी किरकोळ पैसे आले असते आणि ते महिन्याभरात संपले असते. शाळेचा लाभ गाइड नसलेल्या, संस्थेचा सभासद नसलेल्या, दलदलीपासून लांब राहणाऱ्या घरांनाही मिळतो. मुले शिकताना दिसली की दलदल आणि शाळा यांचा संबंध कोणाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. या कामासाठी काफ्रेडला २०१०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

गावातल्या बायकांचे उत्पन्नही याच पाहुण्यांवर उभे राहिले आहे. ताडाच्या कुळातल्या रॅफियाच्या पानांचे धागे आणि केळीच्या सोपाचे तंतू यांपासून त्या टोपल्या, चटया विणतात. बाजरीच्या जातीच्या धान्यांच्या काड्यांची जुडी मधोमध धरायची, तिच्याभोवती रंगवलेला धागा सुईने घट्ट गुंडाळत न्यायचा आणि वेटोळ्यावर वेटोळे चढवायचे, असे हे काम आहे. तोरो भागातल्या झाकणाच्या टोपल्या नक्षीसाठी प्रसिद्ध आहेत. मुळात त्या गरम जेवण झाकून ठेवण्यासाठी. हे जेवण म्हणजे नाचणीच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, बहुधा कसाव्याचे पीठ मिसळलेला. सोबत वाफवून ठेचलेली हिरवी केळी, म्हणजे मातोके, आणि शेंगदाण्याची पातळ आमटी. मराठी माणसाला नाचणी ओळखीची वाटेल यात नवल नाही: हे धान्य मूळचे पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातले, आणि हजारो वर्षांपूर्वी तिथूनच ते भारतात आले. पाहुण्याने हे जेवण गावातल्या घरी घेतले तर भाजी, शेंगदाणे आणि केळी पिकवणाऱ्यांपर्यंत पैसा पोचतो. लॉजवर शहरातून आलेले डबाबंद पदार्थ खाल्ले तर पोचत नाही.

इतके असूनही एक दुखणे कायम आहे, आणि ते गंभीर आहे. ज्यांना पर्यटनाचा तोटा होतो आणि ज्यांना फायदा होतो, ती माणसे एकच नसतात. दलदलीतली माकडे काठावरच्या मक्यावर आणि केळीवर उतरतात. उद्यानाच्या हद्दीवरच्या शेतांत बबून आणि हत्ती शिरतात. एका रात्रीत हत्तींचा कळप वर्षाचे पीक तुडवून जातो. राखणीसाठी घरातल्या कोणाला तरी, पुष्कळदा मुलांना, शेतात बसावे लागते आणि मग शाळा बुडते. ज्याच्या घरी गाइड नाही, टोपल्या विणणारी बाई नाही, त्याला संरक्षणाची किंमत मोजावी लागते आणि मोबदला मिळतो तो शाळेसारख्या सामायिक गोष्टीतूनच. उद्यानांच्या प्रवेशशुल्कातला २० टक्के हिस्सा आसपासच्या भागाला देण्याची तरतूद युगांडाच्या वन्यजीव कायद्यात आहे आणि २०१९च्या नव्या कायद्याने नुकसानभरपाईची योजनाही आणली. पण हा हिस्सा स्थानिक शासनामार्फत येतो आणि त्यातून होणारी कामे तुडवलेल्या शेताच्या मालकाला भरपाई वाटत नाहीत. जिथे नुकसान झाले तिथेच लाभ पोचवणे हे सामुदायिक पर्यटनाचे सर्वांत अवघड काम आहे, आणि बिगोडीलाही ते पुरते साधलेले नाही.

आफ्रिकेत इतरत्र याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे शोधली गेली. सेनेगालच्या दक्षिणेकडील कासामान्स भागात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून जोला लोकांच्या खेड्यांत ग्रामनिवास उभे राहिले. मातीच्या भिंती, गवती छप्पर, स्थानिक जेवण, माफक दर, आणि उरलेल्या पैशातून शाळा व दवाखाने. १९८२पासून त्या भागात सशस्त्र संघर्ष पेटला आणि पर्यटक आटले. गावाने काहीही चूक न करता व्यवसाय बसला. नामिबियाने कायद्याचा मार्ग धरला. १९९६च्या दुरुस्तीने सामायिक जमिनीवरच्या लोकांना संघटित होऊन वन्यप्राण्यांच्या व्यवस्थापनाचा आणि पर्यटनाचा हक्क मिळाला. १९९८मध्ये पहिल्या चार संरक्षणसंस्था नोंदल्या गेल्या. त्यांपैकी तोरा या संस्थेने एका सफारी कंपनीशी करार करून डामारालँड कॅम्प चालवला आणि उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा घेतला. तोरातल्या रहिवाशांत दक्षिण आफ्रिकेच्या रीमवास्माक येथून १९७०च्या दशकात वर्णद्वेषी सरकारने हुसकावलेली कुटुंबे होती, हे लक्षात घेतले की हातात कायदेशीर हक्क असण्याचे मोल कळते. बिगोडीकडे असा मजबूत हक्क नाही; तिथले काम मुख्यतः गावाच्या समजुतीवर चालते.

बिगोडीत येणारे बहुतेक पर्यटक मुळात किबालेच्या जंगलातले चिंपांझी पाहायला आलेले असतात आणि इथेच दुसरी मोठी जबाबदारी येते. २०१३मध्ये किबालेच्या कान्यावारा भागात माणसाला साधी सर्दी देणाऱ्या विषाणूची साथ पसरली आणि ५६ चिंपांझींच्या गटातले ५ दगावले. अंतर राखणे आणि सर्दी-खोकला असलेल्याने जंगलात न जाणे, हे नियम जाचक वाटले तरी त्यामागे असा अनुभव आहे. ज्या प्राण्यासाठी माणसे इतक्या दूर येतात तो त्यांच्याच शिंकेने मरू शकतो. चिंपांझी गेले तर दलदलीची फेरीही ओस पडेल.

एकाच उत्पन्नावर विसंबण्याचा धोका २०२०मध्ये दिसला. कोविडच्या साथीमुळे मार्चमध्ये युगांडाचा विमानतळ बंद झाला तो ऑक्टोबरमध्ये उघडला. उत्पन्न थांबले आणि देशात जंगलात फासे लावणाऱ्यांची संख्या वाढली. जूनमध्ये ब्विंडीच्या अरण्यात राफिकी हा प्रसिद्ध गोरिला शिकाऱ्याच्या भाल्याने मेला. केळी, कॉफी आणि शेंगदाणे पिकवणे न सोडता पर्यटनाकडे जोडधंदा म्हणून पाहणारे गाव अशा काळात तग धरते.

पाहुण्याच्या वागण्याचे नियम साधे आहेत. फोटो विचारून काढावा आणि नकार आला तर कॅमेरा खाली ठेवावा. मुलांना चॉकलेट, पेन, पैसे वाटू नयेत. त्याने शाळा सोडून रस्त्यावर पाहुण्यांची वाट पाहण्याची सवय लागते. मदत द्यायची तर संस्थेच्या किंवा शाळेच्या कार्यालयात द्यावी. वर्ग चालू असताना शाळेत घुसू नये. टोपलीची किंमत करताना ती विणायला किती दिवस लागले ते आधी विचारावे. बातोरो लोक पाहुण्याला आपल्या परंपरेतले एम्पाको नावाचे आपुलकीचे नाव देतात. ही प्रथा युनेस्कोच्या वारसा-यादीत २०१३पासून आहे. असे नाव मिळाले तर ते लक्षात ठेवावे, कारण पुढच्या भेटीत त्याच नावाने विचारपूस होते.

महाराष्ट्रातून पूर्व आफ्रिकेला जाणाऱ्यांच्या सहली बहुधा केनिया-टांझानियाच्या असतात, पण युगांडाचा कार्यक्रम आखणाऱ्यांनी एवढे जरूर करावे. सकाळी किबालेत चिंपांझी पाहिल्यावर दुपार बिगोडीसाठी राखून ठेवावी. उद्यानाचे पर्यटक केंद्र कान्यांचू येथे आहे आणि गाव तिथून सहा-सात किलोमीटरवरच आहे. आयोजकाने ती फेरी कार्यक्रमात घातलेली नसेल तर घालायला सांगावे, आणि दलदलीचे शुल्क स्वतः काफ्रेडच्या कार्यालयात जाऊन भरावे.