गच्चीवरून आकाशाचे फोटो : हौस, हिशेब आणि दिव्यांचा प्रश्न

मोबाईलवर मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा गुलाबी-जांभळा फोटो येतो आणि पाहणाऱ्यांपैकी एखाद्याला तरी वाटते, आपणही एक दुर्बीण घ्यावी. आमच्या अभ्यासिकेत येणारी मुले-मुली तोच फोटो पुढे धरून विचारतात, "दादा, दुर्बिणीतून असं दिसतं का?" याचे उत्तर सुरुवातीलाच स्पष्ट द्यायला हवे. नाही दिसत. हे आधी न सांगितल्यामुळे हौसेने घेतलेल्या कितीतरी दुर्बिणी दोन महिन्यांत माळ्यावर जातात.

उत्तर नागपुरात अभ्यासिकेच्या गच्चीवर आम्ही पाच-सहा जण गेली काही वर्षे सहा इंची दुर्बीण लावतो, जमेल तसे फोटोही काढतो. आमच्यातला एकही जण विज्ञान शाखेचा नाही. या छंदात हाती काय लागते, काय लागत नाही आणि का लागत नाही, ते इथे मांडतो आहोत.

अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. सहा इंची, म्हणजे दीडशे मिलिमीटरचा आरसा तिच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. तरीही मृगातला तेजोमेघ दुर्बिणीत राखाडी, फार तर किंचित हिरवट धुरासारखा दिसतो. याचे कारण दुर्बिणीत नाही, डोळ्यात आहे. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. शिवाय डोळा प्रकाश साठवू शकत नाही. कॅमेरा साठवतो. अर्धा तास, दोन तास, दहा तास तो थेंबथेंब प्रकाश जमा करतो, म्हणून हायड्रोजन वायूचा तांबूस रंग फोटोत उमटतो. फोटो खोटा नसतो. पण आपण पाहतो ते एका क्षणाचे असते आणि फोटो कित्येक तासांचा असतो.

मग डोळ्याने पाहण्यात काय उरते? पुष्कळ उरते. शुक्ल अष्टमीच्या आसपास चंद्रावर जिथे उजेड-अंधाराची सीमा असते, तिथे विवरांच्या सावल्या इतक्या ठळक दिसतात की पाहणारा हात पुढे करतो. गुरूचे चार चंद्र गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले, ते आज साध्या द्विनेत्रीतूनही दिसतात. त्यातला आयो बेचाळीस तासांत गुरूभोवती फेरी मारतो, त्यामुळे संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी असे दोनदा पाहिले तर त्याची जागा बदललेली असते. शनीची कडी पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास दुर्बिणीच्या पुढे जाऊन तोंडात डोकावतो, कुणी चित्र तर चिकटवले नाही ना म्हणून! मार्च २०२५ मध्ये ही कडी आपल्याला अगदी कडेने दिसत होती, म्हणजे जवळपास दिसतच नव्हती. आता ती हळूहळू पुन्हा उघडत आहेत.

फोटोची सुरुवात चंद्रापासूनच करावी. दुर्बिणीच्या नेत्रिकेला मोबाईल टेकवून धरला की चंद्राचा चांगला फोटो पहिल्याच रात्री मिळतो. पकडायला स्वस्त क्लॅम्प मिळतो, तो घ्यावा, कारण हात थरथरतोच. ग्रहांचे काम वेगळे आहे. हवा सतत हलत असते, म्हणून ग्रहाची प्रतिमा नदीच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखी डुचमळते. एक फोटो काढून उपयोग नाही. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. त्याच्या हजारो चित्रांपैकी हवा क्षणभर स्थिर असतानाची चित्रे संगणक वेगळी काढतो आणि एकावर एक ठेवतो. ऑटोस्टॅकर्ट नावाचे सॉफ्टवेअर हे फुकट करून देते. आमच्या जुन्या लॅपटॉपवर गुरूचे दोन पट्टे पहिल्यांदा स्पष्ट उमटले, तेव्हा शिकवणीची पोरे त्या रात्री घरी जायला तयार नव्हती.

तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्याकडे वळलो की खरी परीक्षा सुरू होते. पृथ्वी फिरते हे आपण चौथीत पाठ करतो, पण कॅमेरा ते दाखवून देतो. आकाश तासाला पंधरा अंश सरकते, म्हणजे दोन मिनिटांत चंद्राच्या रुंदीएवढे. साध्या तिपाईवर ५० मिलिमीटरची लेन्स लावली तर पाच-सहा सेकंदांतच ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. म्हणून एकतर पृथ्वीच्या उलट दिशेने त्याच गतीने फिरणारे यंत्र हवे, ज्याला माउंट म्हणतात, किंवा पाच सेकंदांचे शेकडो फोटो काढून ते जुळवायचे. माउंटचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. नागपुरात ध्रुवतारा क्षितिजापासून एकवीस अंशांवर असतो, कारण नागपूरचा अक्षांशच एकवीस आहे. आमच्या गच्चीवर नेमक्या त्याच जागी शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे.

फोटो जुळवण्यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. प्रत्येक फोटोत ताऱ्याचा प्रकाश असतो आणि कॅमेऱ्याची खरखरही असते. प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, खरखर मात्र दर वेळी वेगळी. शंभर फोटोंची सरासरी काढली की खरखर दहापट कमी होते. दहापट, शंभरपट नव्हे, कारण सुधारणा वर्गमुळाच्या प्रमाणात होते. म्हणजे आज मिळालेला फोटो दुप्पट स्वच्छ हवा असेल तर चौपट वेळ गच्चीवर बसावे लागेल. या छंदातला बराचसा वैताग या एका वर्गमुळातून येतो. त्याशिवाय लेन्स झाकून काढायचे काळे फोटो वेगळे, सारख्या उजेडाचे फोटो वेगळे. ते सगळे डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल यांत घालायचे. हीही दोन्ही फुकट आहेत.

या मेहनतीनंतर देवयानी दीर्घिकेचा फोटो मिळाला. फिकट होता, कडा खरबरीत होत्या. इंटरनेटवर त्याहून हजारपट सुंदर फोटो आहेत. पण पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आपल्या गल्लीवरून आपल्या सेकंडहँड कॅमेऱ्यात उतरला, ही गोष्ट दुसऱ्याच्या फोटोत मिळत नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात. खोक्यावर पाचशे-सहाशे पट मोठे दिसेल असे छापलेल्या दुर्बिणी घेऊ नयेत. आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला साधारण दुप्पट, एवढीच उपयोगी वाढ मिळते. साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीला एकशेवीस पट म्हणजे हद्द झाली. त्यापुढे नुसता मोठा धूसर गोळा. आधी ७ × ५० किंवा १० × ५० ची द्विनेत्री घ्यावी आणि स्टेलॅरियमवर आकाश ओळखायला शिकावे. मग चार-पाच जणांत मिळून डॉब्सोनियन दुर्बीण घ्यावी.

या दुर्बिणीचे नाव ज्यांच्यावरून पडले ते जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त मठात संन्यासी होते. जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून ते आरसा करत, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूड वापरत. मठातून बाहेर पडावे लागल्यावर ते फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवू लागले. आपल्या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले नाही. म्हणूनच आज ती रचना कुणीही सुतार करू शकतो.

निराशेची यादी मोठी आहे. जून ते सप्टेंबर आकाशच नसते. ७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास चंद्रग्रहण आम्ही ढगांच्या फटीतून तुकड्यातुकड्यांत पाहिले. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा सोडतो आणि शनी उकळल्यासारखा दिसतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारले तर थोडा फरक पडतो. हिवाळ्यात आरशावर दव. २०१९ पासून स्टारलिंकचे उपग्रह सुरू झाले, त्यांच्या रेघा फोटोत येतात.

आणि पौर्णिमा! पौर्णिमेला विहारात गर्दी असते, म्हणून दुर्बीण त्याच दिवशी लावा, असा आग्रह दरवेळी होतो. पण पूर्ण चंद्रावर सावल्या नसतात, त्यामुळे विवरे सपाट दिसतात, आणि बाकीचे आकाश त्या उजेडात धुऊन निघते. दुर्बिणीसाठी अष्टमी बरी आणि अमावस्या सर्वांत चांगली. "अमावस्येच्या रात्री पोरांना गच्चीवर कशाला नेता?" असे विचारणाऱ्या आईला आम्ही स्वतः येऊन बघा म्हणतो. काही आया येतात. रांगेत एखादा तरी माणूस शनी पाहून झाल्यावर साडेसाती कधी संपेल ते विचारतो. त्याला आम्ही पुन्हा एकदा शनी पाहायला लावतो. सूर्याच्या बाबतीत मात्र चेष्टा नाही. योग्य सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला लावल्याशिवाय तिच्यातून सूर्य पाहिला तर डोळा कायमचा जातो.

एवढे करून हौशी माणसाच्या कामाला किंमत असते का, असे कार्यकर्ते मित्र विचारतात. राधागोविंद चंद्र हे जेसोरच्या सरकारी खजिन्यात किरकोळ पगारावर काम करत. प्रवेश परीक्षेत ते तीनदा नापास झाले होते. तीन इंची दुर्बिणीतून त्यांनी तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्या अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेला पाठवल्या. संघटनेने १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवून दिली. आयुष्यभरात त्यांच्या नोंदी ३७ हजारांवर गेल्या. अलीकडचे उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली यांचे. १९ जुलै २००९ रोजी घरामागच्या दुर्बिणीतून गुरूचे फोटो घेताना त्यांना एक नवा काळा डाग दिसला. काहीतरी गुरूवर आदळले होते. त्यांनी कळवल्यावर नासाने हवाईतली मोठी दुर्बीण तिकडे वळवली. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ कित्येक वर्षांपासून हौशी लोकांना शिकवत आहे.

आता दिव्यांचा प्रश्न. शहराच्या उजेडाने आकाश तीन प्रतींनी उजळले तर अंधाऱ्या गावात एका तासात मिळणाऱ्या फोटोला गच्चीवर सुमारे सोळा तास लागतात. पूर्वी पिवळे सोडियमचे दिवे होते. त्यांचा प्रकाश थोड्या ठरावीक रंगांचा, म्हणून फिल्टरने अडवता येई. पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग असतात. दीर्घिकेचा प्रकाश आणि खांबावरचा प्रकाश फिल्टरला वेगळा करता येत नाही.

आकाशप्रेमी लोक यावर म्हणतात, दिवे कमी करा. इथे आमचे त्यांच्याशी जमत नाही. आमच्या वस्तीत रस्त्यावरचे दिवे अर्ज-मोर्चे करून आले आहेत. शिकवणीहून रात्री नऊला परतणाऱ्या मुलीसाठी तो खांब म्हणजे सुरक्षितता आहे. रात्र सगळ्यांना सारखी मिळत नाही. आमच्या गटातली मुले दोन वाजेपर्यंत गच्चीवर बसतात, मुलींना साडेनऊला फोन सुरू होतात. आम्ही सहा ते नऊ ही वेळ ठरवली, कुणाची तरी आई किंवा मावशी सोबत ठेवली, तेव्हा कुठे मुली नियमित येऊ लागल्या. अशा ठिकाणी अंधार मागणे आम्हाला शक्य नाही.

मागायचे ते वेगळे आहे. दिव्याचा उजेड रस्त्यावर पडावा, आकाशात आणि लोकांच्या खिडक्यांत नको. खांबावरचा दिवा वर किंवा तिरका असेल तर विजेचा काही भाग ढगांना उजेड दाखवण्यात जातो. त्याचे तोंड सरळ खाली केले, वरून झाकण दिले, तर रस्ता जास्त उजळतो आणि आकाश काळे राहते. नागपूरपासून दीड-दोन तासांवरच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात हेच केले आहे. आजूबाजूच्या गावांतल्या दिव्यांची तोंडे खाली वळवली गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. गावांत दिवे आहेतच.

आमच्या गल्लीत आठ खांब आहेत. गेल्या हिवाळ्यात आम्ही प्रत्येक खांबाखाली आणि गच्चीवरून, तोच कॅमेरा, तीच सेटिंग ठेवून फोटो घेतले आणि दिव्यांना झाकण लावण्याच्या अर्जाला जोडले. तीन दिव्यांना झाकण बसले. तिथे राहणाऱ्या आजी म्हणाल्या की आता खोलीत पडदा लावावा लागत नाही. गच्चीवरून मृगाच्या तलवारीतला धूसर ठिपका आता नुसत्या डोळ्यांना, चंद्र नसेल तेव्हा, तिरके पाहिल्यावर जाणवतो. उरलेल्या पाच दिव्यांचा अर्ज अजून पुढे सरकलेला नाही. नोव्हेंबरमध्ये त्याच खांबांचे फोटो पुन्हा घेणार आहोत.