बालपणीचा संधिपाक व प्रौढ वयातील कृत्रिम खुबा : दीर्घकालीन फलिताचा विचार

खुब्याचा कृत्रिम सांधा बसविण्याचे शस्त्रकर्म आज सर्वसामान्यांच्याही परिचयाचे झाले आहे. सर जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचा माथा व उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनची खोबण यांचा वापर सुरू केला आणि तेथून या शस्त्रकर्मास स्थैर्य लाभले. वार्धक्यात झिजलेल्या सांध्यासाठी ते योजले असता फलित बहुधा उत्तम मिळते. परंतु आपल्या चिकित्सालयात येणारा एक रुग्णवर्ग निराळा आहे. त्याचा सांधा वयोमानाने झिजलेला नसतो, तर तान्हेपणी वा बालपणी पू होऊन नष्ट झालेला असतो.

असा रुग्ण बहुधा तिशी-चाळिशीतला असतो. एक पाय आखूड, चालणे लंगडते, जांघेजवळ वा नितंबावर जुन्या व्रणाची खूण. पूर्ववृत्त विचारावे तर ‘लहानपणी ताप आला होता आणि पाय सुजला होता’ यापलीकडे माहिती नसते. बालपणापासूनच्या व्यंगाची त्याला सवय झालेली असते. आता वेदना वाढल्यामुळे तो आलेला असतो. त्याचे प्रश्न तीन : सांधा बदलून घ्यावा का? पुन्हा पू तर होणार नाही ना? नवा सांधा किती वर्षे टिकेल? प्रस्तुत लेखात आम्ही या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करणार आहोत. शल्यचिकित्सकाकडे जाण्यापूर्वी व तेथून परतल्यावर रुग्ण हे प्रश्न आपल्यालाच विचारतो.

विकृतीचे स्वरूप

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात वंक्षणसंधीची गणना उलूखल प्रकारच्या संधींत केली आहे. उखळात मुसळ फिरावे तसा मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या खोबणीत फिरतो. या सांध्याची एक रचना संप्राप्तीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मांडीच्या हाडाची मान सांध्याच्या आवरणाच्या आतच असते. त्यामुळे मानेतील अस्थिभागात पू झाला की तो बाहेर न फुटता थेट सांध्यात उतरतो. शिवाय सुमारे एक ते दीड वर्षाच्या वयापर्यंत काही सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढीची तबकडी ओलांडून माथ्यापर्यंत जातात. या मार्गाने संसर्गही माथ्यात पोहोचतो. साचलेल्या पुवाचा दाब माथ्याचा रक्तपुरवठा तोडतो आणि पुवातील विकर कूर्चा विरघळवितात. लंडनचे शल्यविद् थॉमस स्मिथ यांनी तान्ह्या बालकांतील या तीव्र संधिशोथाचे वर्णन १८७४ मध्ये प्रसिद्ध केले होते. कारणीभूत जंतूंत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा प्रमुख होय.

संसर्ग शमला तरी त्याचे परिणाम बालकाबरोबर वाढत जातात. माथा अंशतः वा पूर्णतः नाहीसा होतो. वाढीची तबकडी दुखावल्याने पाय आखूड राहतो. खोबणीला गोलाई येण्यासाठी आत गोल माथा फिरत राहणे आवश्यक असते. तो नसल्याने खोबण उथळ राहते. हाड वर सरकते, नितंबाचे स्नायू आखडतात व दुर्बल होतात, मांडीच्या हाडातील पोकळी अरुंद राहते. म्हणून प्रौढ वयात शल्यचिकित्सकापुढे येतो तो केवळ झिजलेला सांधा नसून वाढच चुकलेला सांधा असतो, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

पहिला प्रश्न : सांधा बदलावा का?

शस्त्रकर्माचे मुख्य कारण वेदना हे असावे. केवळ लंगडेपणा जावा म्हणून वा पायांची लांबी सारखी व्हावी म्हणून आग्रह धरणाऱ्या रुग्णास वस्तुस्थिती समजावून सांगणे आपले काम आहे. वेदना सौम्य असतील तर उंच टाचेचे पादत्राण, काठी, वजन घटविणे व स्नायूंचे व्यायाम यांवर अनेक वर्षे निभावता येते. वेदनेमुळे झोप मोडत असेल, रोजचा व्यवसाय अशक्य झाला असेल, कंबर व गुडघाही दुखू लागला असेल, तर शस्त्रकर्माचा विचार लांबवू नये.

येथे फलित कसे मोजतात हे समजून घेणे उपयुक्त आहे. विल्यम हॅरिस यांनी १९६९ मध्ये मांडलेली शंभर गुणांची पद्धती सर्वत्र प्रचलित आहे. तीत वेदनेसाठी ४४, कार्यक्षमतेसाठी ४७, व्यंगाच्या अभावासाठी ४ व हालचालीसाठी ५ गुण आहेत. लंगडण्यासाठीचे गुण कार्यक्षमतेत अंतर्भूत असून ते केवळ ११ आहेत. याचा अर्थ असा की, रुग्ण काहीसा लंगडत राहिला तरी वेदना गेल्यास त्याचे गुण पुष्कळ वाढतात. शल्यचिकित्सक ‘उत्तम फलित’ म्हणतो आणि रुग्ण ‘अजून लंगडतोच’ म्हणतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात. वर्षानुवर्षे दुर्बल राहिलेले नितंबाचे स्नायू नव्या सांध्याने एकाएकी बलवान होत नाहीत. ही अपेक्षा आधीच स्पष्ट केली तर पुढील निराशा टळते.

दुसरा प्रश्न : पुन्हा पू होईल का?

प्रसिद्ध झालेल्या अनुभवांवरून दिसते की, बालपणीचा संसर्ग दीर्घकाळ शांत असेल तर नव्या सांध्यात तो पुन्हा उद्भवणे विरळ असते. मात्र ‘शांत आहे’ हे गृहीत न धरता सिद्ध करावे लागते. त्यासाठी ई.एस.आर. व सी.आर.पी. या रक्ततपासण्या, क्ष-किरण चित्र, शंका असल्यास सांध्यातील द्रवाची तपासणी आणि शस्त्रकर्माच्या वेळी ऊतींचे परीक्षण व जंतुसंवर्धन केले जाते. सक्रिय संसर्ग आढळल्यास त्याच बैठकीत कृत्रिम सांधा न बसविता प्रथम शोधन व प्रतिजैविके, आणि नंतर रोपण, असा दोन टप्प्यांचा मार्ग स्वीकारला जातो.

या ठिकाणी कुटुंबाच्या वैद्याचे स्थान मोलाचे आहे. ताप कोणत्या वयात आला, पू काढला गेला की आपोआप फुटला, नाडीव्रण किती काळ वाहत होता, शेवटचा स्राव कोणत्या वर्षी झाला, त्यानंतर तेथे सूज वा लाली आली काय, ही माहिती मोठ्या रुग्णालयातील कोणत्याही यंत्रातून मिळत नाही. घरातील वृद्धांना विचारून ती एका कागदावर लिहून रुग्णासोबत द्यावी. घरात क्षयाचा इतिहास असल्यास तोही नोंदवावा. आपल्या देशात खुब्याचा क्षय बालवयात आढळतो. तोही शेवटी असेच व्यंग मागे ठेवतो, परंतु त्याची औषधयोजना भिन्न असते.

शस्त्रकर्मातील अडचणी

वर सांगितलेल्या विकृतीमुळे हे शस्त्रकर्म नेहमीपेक्षा कठीण ठरते. उथळ खोबणीला कधी अस्थिकलमाचा आधार द्यावा लागतो. अरुंद पोकळीसाठी लहान वा विशेष आकाराचा दांडा लागतो आणि तो बसविताना हाडास तडा जाण्याचा संभव अधिक असतो. फार वर सरकलेले हाड खाली आणताना सायटिक मज्जातंतू ताणला जातो. एका वेळी साधारण चार सेंटिमीटरपेक्षा अधिक लांबी वाढविणे धोक्याचे मानले जाते. म्हणून कित्येकदा मांडीचे हाड मधून कापून आखूड करावे लागते. यास्तव अशा रुग्णाने या प्रकारच्या शस्त्रकर्माचा विशेष अनुभव असलेल्या शल्यचिकित्सकाकडेच जावे.

तिसरा प्रश्न : किती वर्षे टिकेल?

सोल येथील यंग-हू किम व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये बालपणी खुब्याचा संसर्ग झालेल्या दीडशेहून अधिक प्रौढ रुग्णांचा सुमारे दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. वेदना व हालचाल यांत रुग्णांना लाभ झाला. मात्र पॉलिएथिलीनची झीज व त्या कणांमुळे सभोवतीच्या हाडाचा होणारा क्षय या मोठ्या समस्या ठरल्या. याचे कारण उघड आहे. रुग्ण तरुण, चालणे-फिरणे अधिक, आणि लहान हाडामुळे भागही लहान.

सर्व प्रकारच्या रुग्णांचा विचार केला तर २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या संकलनानुसार कृत्रिम खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात. परंतु हा आकडा मुख्यत्वे वृद्धांवरून आलेला आहे. त्याच नियतकालिकातील २०१७ च्या इंग्लंडमधील अभ्यासात, सत्तरीनंतर शस्त्रकर्म झालेल्यांना आयुष्यात पुन्हा शस्त्रकर्म लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, तर पन्नाशीच्या आरंभी झालेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत आढळली. आपला रुग्ण त्याहूनही तरुण असतो. म्हणून त्यास ‘आयुष्यभराची निश्चिंती’ असे आश्वासन देऊ नये; एकदा तरी पुन्हा शस्त्रकर्म लागू शकेल, असे सांगावे. दिलासा देणारी बाब ही की, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रचारात आलेल्या सुधारित, अधिक घट्ट जोडणीच्या पॉलिएथिलीनची झीज जुन्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. जुन्या अभ्यासांतील झिजेचे प्रमाण आजच्या रुग्णास जसेच्या तसे लागू करू नये.

शस्त्रकर्मोत्तर काळात वैद्यांनी घ्यावयाची काळजी

१. आरंभीच्या महिन्यांत शस्त्रकर्म झालेल्या खुब्यावर जोरकस अभ्यंग, मर्दन वा सांधा ओढण्याचे उपचार करू नयेत. सांधा निखळण्याची भीती असते. उकिडवे बसणे व मांडी घालणे शल्यचिकित्सकाच्या अनुमतीशिवाय नको. शौचास उंच आसनाची सोय असावी.

२. पोटरी सुजून दुखू लागल्यास ती वातज समजून चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते व ती सुटल्यास प्राणावर बेतते. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

३. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना लसूण, गुग्गुळ आदींचे कल्प शल्यचिकित्सकास कळविल्याशिवाय देऊ नयेत. शस्त्रकर्मापूर्वी चालू असलेल्या सर्व औषधांची यादी रुग्णाजवळ द्यावी.

४. अनेक वर्षे सुखात असलेल्या सांध्यात नव्याने वेदना, उष्णता वा स्राव दिसला तर तो संसर्ग किंवा सैलपणा आहे असे समजूनच तपासणीस पाठवावे. दात, त्वचा व मूत्रमार्ग यांतील पूययुक्त विकारांची उपेक्षा करू नये. कृत्रिम सांध्याची क्ष-किरण तपासणी वेदना नसतानाही ठरावीक काळाने व्हावी, कारण हाडाचा क्षय पुष्कळदा निःशब्दपणे वाढतो.

मूळ ठिकाणी प्रतिबंध

वरील सर्व क्लेशांचे मूळ बालपणीच्या काही तासांत व दिवसांत असते. शोथाची आम, पच्यमान व पक्व ही अवस्था ओळखणे हे वैद्याचे लक्षण असल्याचे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आमपक्वैषणीय अध्यायात सांगितले आहे. खुब्याचा सांधा इतका खोल असतो की बाहेरून सूज वा लाली दिसेपर्यंत थांबणे घातक ठरते. लंगोट बदलताना बाळ किंचाळणे, एक पाय न हलविणे, मांडी बाहेर वळवून निपचित ठेवणे, ही लक्षणे बहुधा प्रथम आईच्या किंवा मालीश करणाऱ्या बाईच्या ध्यानी येतात. त्यास लचक, नस दबणे वा आमवात समजून चोळणे-शेकणे यांत वेळ दवडू नये. अगदी तान्ह्या बाळास ताप नसूही शकतो. मोठ्या मुलांत ३८.५ अंश सेल्सिअसहून अधिक ताप, पायावर भार न टाकणे, ई.एस.आर. ४० हून अधिक व श्वेतपेशी १२,००० हून अधिक, या १९९९ मध्ये मांडल्या गेलेल्या चार निकषांपैकी जितके अधिक जुळतील तितका पुवाचा संभव अधिक. अशा बालकास त्याच दिवशी अस्थिशल्यचिकित्सकाकडे धाडावे. पू त्वरित काढला गेला तर सांधा वाचू शकतो.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे. तापलेल्या, पाय न हलविणाऱ्या बालकासाठी ‘चार दिवसांचे प्रतिजैविक द्या’ अशी मागणी आल्यास ती पुरवू नये. अपुऱ्या मात्रेने ताप उतरतो, सांध्यातील पू तसाच राहतो आणि जंतुसंवर्धनात जंतू सापडत नाही. अनेक प्रतिजैविके मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या एच-१ अनुसूचीत समाविष्ट असून त्यांच्या विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. परंतु नियमाच्या भीतीपेक्षाही, दुकानाच्या फळीवरून दिलेला ‘आजच रुग्णालयात न्या’ हा सल्ला त्या बालकाच्या पुढील चाळीस वर्षांच्या चालण्यासाठी अधिक मोलाचा ठरतो.