विश्लेषण : जंजिऱ्याच्या नवाबांचे ‘जाफराबाद’ कोणते?

जंजिऱ्याच्या इतिहासात ‘जंजिरा आणि जाफराबादचे नवाब’ असे वाचले, की जालनेकरांना आपले तालुक्याचे गाव आठवणे साहजिक. पण ते जाफराबाद मराठवाड्यातले नव्हे, तर गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातले बंदर. अठराव्या शतकात ते जंजिऱ्याच्या सिद्दींकडे गेले आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

सिद्दी आले कुठून?

पूर्व आफ्रिकेतून. कुणी गुलाम म्हणून, कुणी शिपाई वा खलाशी म्हणून. खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर मूळचा हबशी गुलामच. अटलांटिकमधल्या बार्बाडोस बेटावर आफ्रिकी गुलाम पिढ्यान्‌पिढ्या उसाच्या मळ्यांत राबले. मुरूडजवळच्या या बेटावर मात्र आफ्रिकेतून आलेलेच सत्ताधीश झाले. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी वेढा दिला, तरी जंजिरा पडला नाही. संस्थानातली बहुसंख्य रयत अर्थात कुणबी, कोळी, आगरी.

आज प्रश्न कशाचा?

दाखल्याचा. सिद्दी म्हटले की नवाबच डोळ्यांपुढे येतात, सामान्य सिद्दी कुटुंबे नाहीत. अमरेलीसह सौराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांत सिद्दी अनुसूचित जमातीत मोडतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात २००३ पासून हाच दर्जा आहे. महाराष्ट्राच्या यादीत सिद्दींचे नाव नाही. त्यामुळे एकेकाळच्या एकाच संस्थानात, अमरेलीकडच्या सिद्दी कुटुंबाला जो दाखला मिळू शकतो, तो मुरूडच्या कुटुंबाला मिळत नाही.