विश्लेषण : दुखापत बरी झाली, तरी दुखणे का जात नाही?

कोपरीतून घाईघाईने ठाणे स्थानक गाठायचे, गर्दीत लोकल पकडायची आणि उभ्याने मुंबईपर्यंत जायचे. हा रोजचा शिरस्ता असलेल्याच्या कंबरेत उसण भरली, की गोळ्या, मलम आणि शेक सुरू होतो. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत मोकळी होते. काहींची मात्र वर्षभर दुखत राहते. तपासणीत फारसे काही सापडत नाही आणि घरचे म्हणू लागतात, ‘हे मनाचे खेळ आहेत.’ मेंदूविज्ञानाचे उत्तर वेगळे आहे.

दुखणे जुनाट कधी ठरते?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या ‘आयसीडी-११’ या रोगसूचीत तिची स्वतंत्र नोंद आहे. या दुखण्याचे कारण एमआरआयमध्ये दिसेलच असे नाही. उलट, कंबर अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्याही मणक्यांच्या गाद्या वयानुसार झिजलेल्या दिसतात.

मेंदूत काय घडते?

इजा झाली की संदेश मज्जारज्जूतून मेंदूतील थॅलॅमसकडे जातो. तिथून एक वाट ‘कुठे आणि किती दुखते’ हे ठरवते, तर दुसरी ‘हे किती त्रासदायक, किती धोक्याचे’ हे ठरवते. या दुसऱ्या वाटेवर अमिग्डाला हे भीतीशी निगडित केंद्र असते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की कंबरदुखी नवी असताना वेदनेची नेहमीची केंद्रे सक्रिय असतात. ती जुनी झाली की भावनांशी संबंधित जाळी सक्रिय होतात. म्हणजे वेदना खरीच असते, मेंदूतला तिचा पत्ता मात्र बदललेला असतो.

वेदनेबरोबर चिंता का वाढते?

दोघींची मेंदूतील यंत्रणा बरीचशी एकच आहे. मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारे मार्ग वेदनेचा आवाज कमी करू शकतात, तसा वाढवूही शकतात. ‘वाकलो तर गादी सरकेल’ ही धास्ती बसली, की माणूस हालचाल टाळतो, स्नायू आखडतात, झोप उडते आणि दुखणे वाढते. वाढलेले दुखणे पुन्हा धास्ती वाढवते.

हे चक्र तुटते का?

अनेकांच्या बाबतीत, हो. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी जुनी कंबरदुखी असलेल्या १५१ जणांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘हे दुखणे धोक्याचे नाही’ हे मेंदूला शिकवणारी चार आठवड्यांची मानसोपचार पद्धत घेतलेल्यांपैकी ६६ टक्के जण वेदनामुक्त किंवा जवळपास वेदनामुक्त झाले. नेहमीचे उपचार सुरू ठेवलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते. मात्र त्यांचे दुखणे सौम्य ते मध्यम होते. प्रत्येकाला हाच गुण येईल असे नाही. हळूहळू वाढवलेला व्यायाम, पुरेशी झोप आणि समुपदेशन यांचाही उपयोग होतो.

दुर्लक्ष कधी करू नये?

पाय बधिर किंवा लुळे पडणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ताप, कारण नसताना वजन घटणे किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असल्यास लगेच डॉक्टर गाठावा. चिंता असह्य होत असेल, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते.