कृतज्ञता आणि मतपेटी

जर्मनीविरुद्धच्या महायुद्धांत देशाचें नेतृत्व करून विजय मिळवून देणाऱ्या चर्चिल यांना ब्रिटिश मतदारांनीं १९४५ च्या जुलै महिन्यांत सत्तेवरून खालीं उतरविलें, तेव्हां पुष्कळांना तो कृतघ्नपणा वाटला. संकटकाळची कामगिरी आणि एरवींचा राज्यकारभार हीं दोन्हीं एका तराजूंत कशीं तोलावयाचीं, हाच प्रश्न कोविडच्या साथीनंतर न्यूझीलंडच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांच्या अनुयायांपुढें उभा राहिला.

साथीच्या प्रारंभींच आर्डर्न यांच्या मजूर पक्षाच्या सरकारनें कठोर मार्ग पत्करला. १९ मार्च २०२० रोजीं देशाच्या सीमा परकीयांस बंद झाल्या व २५ मार्चच्या मध्यरात्रीं कडक टाळेबंदी सुरू झाली. रोगाचा वेग मंदावणें एवढाच हेतु नव्हता. देशांतून त्याचें उच्चाटन करावयाचें होतें. सुमारें पन्नास लाख वस्तीच्या त्या बेटांवर तें कांहीं काळ साधलेंहि. ८ जूनला देशांत एकहि ज्ञात रुग्ण उरला नव्हता. ऑक्टोबरांतील निवडणुकींत मजूर पक्षास सुमारें ५० टक्के मतें आणि १२० पैकीं ६५ जागा मिळाल्या. १९९६ पासून प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धति चालू झाल्यानंतर एका पक्षास स्वतःचें बहुमत मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होय.

परंतु वहीची दुसरी बाजू कोरी नव्हती. दहा वर्षांत १,००,००० घरें बांधण्याचें वचन पक्षानें दिलें होतें. तें उद्दिष्ट २०१९ मध्यें सोडून द्यावें लागलें. भांडवली नफ्यावर कर बसेल ही अनेक अनुयायांची आशाहि त्याच वर्षीं मावळली. मुलांचें दारिद्र्य कमी करण्यासाठीं २०१८ मध्यें केलेला कायदा मात्र जमेच्या बाजूस होता.

शिवाय साथीचें खातेंहि निर्भेळ जमेचें राहिलें नाहीं. विलगीकरणकेंद्रांतील जागा अपुऱ्या पडल्यानें अनेक नागरिक परदेशीं अडकले. स्वदेशीं परतण्याच्या त्यांच्या हक्कावर कांहीं प्रसंगीं असमर्थनीय मर्यादा पडली, असा निर्णय उच्च न्यायालयानें २०२२ मध्यें दिला. लसीच्या सक्तीविरुद्ध निदर्शकांनीं त्याच वर्षीं वेलिंग्टन येथील संसदेच्या आवारांत तीन आठवडे ठाण मांडलें. वर्षाच्या मध्यास महागाईचा दर ७.३ टक्क्यांवर गेला. जानेवारी २०२३ मध्यें आर्डर्न यांनीं पद सोडलें आणि ऑक्टोबरांत, ख्रिस हिपकिन्स यांच्या नेतृत्वाखालीं, पक्षाचीं मतें २७ टक्क्यांच्याहि खालीं आलीं.

ज्या थोड्या देशांत साथीच्या वर्षांतील एकूण मृत्युसंख्या अपेक्षेहून फारशी वाढली नाहीं, त्यांत न्यूझीलंडची गणना होते. मग हा पालट कां? टळलेल्या मृत्यूला नांव नसतें. आपण वांचलों तें कोणत्या निर्णयामुळें, हें वांचणाऱ्यास सहसा कळतच नाहीं. घरभाडें मात्र ठरल्या दिवशीं दारांत उभें राहतें.

म्हणून न्यायबुद्धीच्या अनुयायानें दोन पथ्यें पाळावींत. एक, प्रत्येक निर्णय त्या दिवशीं उपलब्ध असलेल्या ज्ञानावरून जोखावा. लस नसतांनाच्या २०२० मधील टाळेबंदीस आणि लस आल्यानंतरच्या निर्बंधांस एकच माप लावूं नये. दुसरें, एका खात्याची शिल्लक दुसऱ्या खात्याच्या कर्जांत वळती करूं नये. वांचलेल्या प्राणांनीं न बांधलेलीं घरें उभीं राहत नाहींत. आणि घरें झालीं नाहींत म्हणून वांचलेले प्राण हिशेबांतून पुसलेहि जात नाहींत.

मत हें गतसेवेचें निवृत्तिवेतन नव्हे. पुढील कामाची ती नेमणूक आहे. नेत्याचे उपकार मान्य करून दुसऱ्या पक्षास मत देणारा नागरिक कृतघ्न ठरत नाहीं. कृतघ्न ठरतो तो, जो आपलें मत बदललें म्हणून उपकार झालेच नव्हते असें म्हणूं लागतो.