नियोगी समितीनंतरचे वऱ्हाड

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर. रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने १४ एप्रिल १९५४ रोजी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. रायगढ-सरगुजाकडे फिरलेली ही समिती अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळलाही आली. अकोल्यात अमेरिकेच्या अलायन्स मिशनचे बस्तान जुने. अचलपूरजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी मिशनचा दवाखाना. चौकशी चालू असतानाच, १९५५ साली, रोमने अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत केला. योगायोग असेल, पण धीटपणाचा.

एप्रिल १९५६ मध्ये अहवाल आला. धर्मांतरासाठीच आलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा, दवाखान्यांतून धर्मप्रसार थांबवा, भारतीय ख्रिस्त्यांनी परदेशी पैशावर न विसंबणारी एक स्वतंत्र चर्च उभारावी, अशा शिफारशी. शेवटची मला आजही खटकते. चर्च कशी असावी हे सरकारी समितीने का सांगावे? पण प्रश्न खोटा नव्हता. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीला रामराम ठोकून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तो याच अस्वस्थतेतून. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी तो विषय बासनात बांधून ठेवला.

समितीत ख्रिस्ती सदस्य एकच, वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजचे प्रा. एस. के. जॉर्ज. मूळचे केरळचे सिरियन ख्रिस्ती. गांधीजींच्या सत्याग्रहाची बाजू घेतल्यामुळे त्यांना कलकत्त्याचे बिशप्स कॉलेज सोडावे लागले होते. अहवालावर त्यांची सही आहे. त्यांना फितूर म्हणून मोकळे होणे सोपे. पण ख्रिस्तावर प्रेम करायला मिशनचे छत्र लागतेच का, हा त्यांचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही.

मग आला ऑक्टोबर. त्याच नागपुरात १४ तारखेला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. वऱ्हाडातून लोक लोटले होते. त्या सोहळ्यात दीक्षा घेणाऱ्यांमध्ये खुद्द नियोगीही होते! धर्मांतराची चौकशी करणारा न्यायाधीश सहा महिन्यांत स्वतः धर्म बदलतो, ही गोष्ट अहवाल फडकवणारेही सांगत नाहीत आणि त्यावर चिडणारेही.

१ नोव्हेंबरला वऱ्हाड मुंबई राज्यात गेले. त्यामुळे मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केलेला धर्मांतराचा कायदा इथे लागू झाला नाही. धर्म बदललेल्या दलितांपैकी बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा १९९० मध्ये मिळाला, ख्रिस्त्यांना अजूनही नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सक्तीच्या धर्मांतराविरुद्धच्या कायद्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या वादात नियोगींचा अहवाल पुन्हा निघणारच. काढणाऱ्यांनी नियोगींची दीक्षाही सांगावी, आणि आपल्या मंडळ्यांनी जॉर्ज यांची सही लपवू नये.