हाडमोड्या ताप आणि बोनसेट वनस्पति

पावसाळ्यांत कोणास ताप येऊन सांधे ठणकूं लागले, डोळ्यांमागें कळा येऊं लागल्या, म्हणजे डेंग्यूची शंका घ्यावी. ह्यासच हाडमोड्या ताप म्हणतात. अशा वेळीं होमिओपॅथीच्या ज्या साखरेच्या गोळ्या देतात, त्यांतील एक युपेटोरियम परफोलिएटम, अर्थात् बोनसेट, होय.

ही वनस्पति उत्तर अमेरिकेची. तिचें खोड पानांस भोंसकून वर गेल्यासारखें दिसतें. तेथील लोक अंगदुखीच्या तापावर तिचा काढा घेत असत.

होमिओपॅथीचे जनक हानेमान ह्यांनीं १७९० सालीं सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली. पुढें १८२० सालीं त्याच सालींतून क्विनीन निघालें आणि तें हिवतापावर खरोखर गुणकारी ठरलें. बोनसेटच्या गोळीची गोष्ट निराळी. तीस शक्तीची गोळी करतांना मूळ अर्क तीस वेळां शंभरपट पातळ करतात. मग त्याचा कणहि उरत नाहीं. तिनें डेंग्यू बरा होतो, असें सिद्ध झालेलें नाहीं.

ह्यास्तव पालकांनीं रक्त तपासून घ्यावें. अ‍ॅस्पिरिन देऊं नये. ताप उतरल्यावरहि पोटांत तीव्र कळा, वारंवार उलटी किंवा हिरड्यांतून रक्त दिसल्यास रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

गंगापुरास उन्हाळ्यांत पाण्याचा थेंब मोलाचा. म्हणून आपण रांजण भरून ठेवतों. परंतु दिवसां चावणारा एडिस डास अशाच स्वच्छ पाण्यांत वाढतो. रांजण झांकावा, आठवड्यांतून एकदां घासून कोरडा करावा. मुलांनो, हें काम तुमचेंच आहे!